सायटेशन मोजून झाली, आता प्रभाव कसा दाखवू?

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्रात एम.डी. करते आहे, दुसरं वर्ष चालू आहे. विभागात अर्ध्या तासाचं सेमिनार आहे. विषय, 'एका संशोधकाचं प्रकाशित काम आणि त्याचा विद्याक्षेत्रावरचा प्रभाव'. मी जागतिक मानसिक आरोग्यावर काम करणारे संशोधक डॉ. विक्रम पटेल यांचं नाव घेतलं. गूगल स्कॉलरवरून एकूण सायटेशन (इतर पेपरांनी घेतलेले संदर्भ), एच-इंडेक्स, पुरस्कार आणि सगळ्यात गाजलेल्या वीस पेपरांची यादी केली. सरांना दाखवली तर म्हणाले, "हा बायोडाटा झाला. यांच्यामुळे नेमकं काय बदललं ते सांगा." हातात तीन आठवडे आहेत. शेकडो पेपर कसे वाचायचे? सुरुवात कुठून करू? आणि एवढ्या नावाजलेल्या माणसावर झालेली टीका सांगावी की नको? (एक निवासी डॉक्टर)

उत्तर :

तुमच्या सरांचं म्हणणं योग्य आहे. तुमची निवडही चांगली आहे, कारण या संशोधकाच्या कामात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला दिसतो : जिथे मनोविकारतज्ज्ञ नाही तिथे नैराश्याच्या रुग्णाला औषधापलीकडचा उपचार द्यायचा कोणी, आणि तो लागू पडतो का? शेकडो पेपर वाचू नका. या प्रश्नाचा माग काढणारे पाच-सहा नीट वाचा. बाकीचे सारांशापुरते पुरे.

आधी यादीच तपासून घ्या, कारण पहिली चूक तिथेच होते. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीमध्ये 'पटेल व्ही.' एवढंच टाकलं तर जगभरातल्या इतर पटेलांचे पेपर येतात : हृदयरोग, भूल, शल्यचिकित्सा, काहीही. पूर्ण नाव टाकलं की यादी आवरते, पण मग जुनं काम गळतं. पबमेडमध्ये लेखकाच्या पूर्ण नावाने शोध २००२ पासूनच्या नोंदींसाठीच लागतो. पटेल यांचं झिम्बाब्वेच्या राजधानीतलं, हरारेमधलं, सगळं पायाभूत काम त्याआधीचं आहे. संस्थेच्या नावाने गाळायला गेलात तर दुसरा खड्डा : २०१४ च्या आसपासपर्यंत पबमेड फक्त पहिल्या लेखकाचीच संस्था नोंदवत असे. म्हणून दोन वेगळे शोध घ्या. २००२ नंतरसाठी पूर्ण नाव. त्याआधीसाठी आडनाव, आद्याक्षर आणि सोबत 'हरारे', 'झिम्बाब्वे', 'गोवा' असे विषयशब्द. दोन्ही याद्या एकत्र करून शंकास्पद नोंदी उघडून बघा. तासाभराचं काम आहे, पण ते टाळू नका.

आता आकड्यांबद्दल. एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. एखाद्याच्या ५० पेपरांना प्रत्येकी किमान ५० सायटेशन असतील (आणि ५१ पेपरांना प्रत्येकी ५१ नसतील) तर त्याचा एच ५०. हा आकडा लेखक पहिला होता की चाळिसावा हे बघत नाही, पेपर परीक्षण-लेख (इतरांच्या संशोधनाचा आढावा) आहे की चाचणी (उपचार तपासणारा प्रयोग) हे बघत नाही, आणि वयाबरोबर तो वाढतच जातो, कधी कमी होत नाही. मनोविकारशास्त्रात परीक्षण-लेखांना चाचण्यांपेक्षा सहज जास्त सायटेशन मिळतात, कारण प्रस्तावनेत एक वाक्य टेकवायला तेच सोयीचे पडतात. पटेल यांच्या नावावरचे 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातले २००७ चे दोन लेख असेच आहेत : एक तरुणांच्या मानसिक आरोग्यावर, दुसरा 'मानसिक आरोग्याशिवाय आरोग्य नाही' ही मांडणी करणारा, ज्याचे पहिले लेखक मार्टिन प्रिन्स. दोन्ही महत्त्वाचे आहेत. पण या दोघांवर सेमिनार उभं केलंत तर संशोधकाने स्वतः काय तपासून पाहिलं ते बाहेरच राहील.

आकड्यांची एकच स्लाइड ठेवा. आकडा कोणत्या ठिकाणचा आणि कोणत्या तारखेचा ते तिथेच लिहा. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचे मसुदे) आणि दुहेरी नोंदीही मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या सूचीपेक्षा मोठा येतो. एकाचा एच आणि दुसऱ्याची एकूण सायटेशन असं मिसळून लिहू नका. एखाद्या पेपरची त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या पेपरांशी तुलना हवी असेल तर अमेरिकेच्या एनआयएचचं (राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेचं) 'आयसाइट' हे मोफत साधन आहे. त्यात पबमेडचे क्रमांक चिकटवले की सापेक्ष सायटेशन प्रमाण मिळतं. एनआयएचच्या निधीवर झालेल्या पेपरांमधला मधला पेपर तिथे १ धरलेला असतो.

आता मुख्य भाग. इथे वेळ द्या.

सुरुवात हरारेपासून करा. १९९७ मध्ये 'अॅक्टा सायकिअॅट्रिका स्कँडिनाव्हिका'त पटेल आणि सहकाऱ्यांनी शोना या तिथल्या भाषेतली १४ प्रश्नांची लक्षण-प्रश्नावली प्रसिद्ध केली. इंग्रजी प्रश्नावलीचं शोनात भाषांतर करणं सोपं होतं. त्यांनी तिथल्या रुग्णांनी आणि उपचार करणाऱ्यांनी वापरलेल्या शब्दांपासून सुरुवात केली. 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करत राहणं, हा तिथल्या लोकांचा स्वतःचा शब्द. या पेपरचा प्रभाव सायटेशनच्या आकड्यात दिसणार नाही. तो दिसतो २०१६ च्या 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकामध्ये : डिक्सन चिबांदा यांच्या 'फ्रेंडशिप बेंच' (प्रशिक्षित सामान्य लोकांनी बाकावर बसून केलेलं समुपदेशन) चाचणीत. हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ रुग्णांवर झालेल्या या चाचणीचं मुख्य मोजमाप हीच प्रश्नावली होती. सहा महिन्यांनी उपचार गटाचा सरासरी गुण ३.८१ आणि तुलना गटाचा ८.९० (जास्त गुण म्हणजे जास्त लक्षणं). एकाने तयार केलेली पट्टी जवळपास वीस वर्षांनी दुसऱ्याने आपल्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रयोगात वापरली. तुमच्या सरांना हवा असलेला पुरावा या जातीचा आहे.

मग गोवा. १९९६ मध्ये पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे 'संगत' ही संस्था सुरू केली. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेली त्यांची चाचणी बहुतेक जण सेमिनारमध्ये वगळतात. तुम्ही वगळू नका. गोव्यातल्या सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागांतल्या ४५० रुग्णांचे तीन गट : फ्लुऑक्सेटिन (नैराश्यावरचं औषध), प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) आणि मानसोपचार. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटिन प्लासिबोपेक्षा सरस ठरलं. मानसोपचार मात्र प्लासिबोपेक्षा काहीही सरस ठरला नाही. आज ज्यांचं नाव समुदायातल्या समुपदेशकांनी द्यायच्या मानसोपचाराशी जोडलं जातं, त्यांच्याच चाचणीत मानसोपचार हरला होता, आणि तो निकाल त्यांनी जसाच्या तसा छापला. पुढचे सगळे पेपर या निकालाशी जोडून वाचले तरच त्यांचा अर्थ लागतो.

पुढचा टप्पा 'मानस' चाचणी, 'लॅन्सेट', २०१०. इथे उपचाराची रचनाच बदललेली दिसते. एकटा मानसोपचार न देता पायऱ्यापायऱ्यांची काळजी : आधी आजाराची माहिती, मग गरजेनुसार आंतरवैयक्तिक उपचार (नातेसंबंधांतल्या अडचणींवर काम करणारा मानसोपचार) किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरने दिलेलं औषध, आणि वर देखरेखीला मनोविकारतज्ज्ञ. हे सांभाळणारी समुपदेशक आरोग्यक्षेत्राबाहेरची, दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली. २४ दवाखाने घेतले : १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं, १२ खासगी डॉक्टर. रुग्ण २,७९६.

आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय रोग-वर्गीकरणानुसार निदान पक्कं झालेल्यांमध्ये सहा महिन्यांनी बरे झालेले ६५.० टक्के विरुद्ध ५२.९ टक्के. जोखीम-गुणोत्तर (दोन गटांतल्या प्रमाणांचा भागाकार) १.२२, विश्वास-अंतराल (खरा आकडा ज्या टप्प्यात असावा तो) १.०० ते १.४७. हा खालचा आकडा, १.००, म्हणजे 'फरक नाही' ही शक्यता काठावर उरते; तो स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहा. परीक्षक विचारतील : २,७९६ रुग्ण असूनही अंतराल एवढा रुंद का? कारण नाणेफेक (कोणी कोणत्या गटात जायचं याची यादृच्छिक निवड) रुग्णांची झाली नाही, दवाखान्यांची झाली. एकाच दवाखान्यातले रुग्ण एकमेकांसारखे असतात, त्यामुळे अचूकता मुख्यतः २४ या संख्येवर ठरते. हे उत्तर तयार ठेवा.

त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. सरकारी केंद्रांत ६५.९ टक्के विरुद्ध ४२.५ टक्के, फरक ठळक. खासगी दवाखान्यांत ६४.१ विरुद्ध ६५.९, म्हणजे फरक नाहीच. खासगीत तुलना गटच आधीपासून एवढा बरा होत होता की वर काही चढवायला जागा उरली नाही. तुलना गटालाही तपासणीचा निकाल डॉक्टरला कळवलेला होता आणि डॉक्टरला उपचाराची मार्गदर्शिका दिलेली होती, हेही इथेच सांगा. म्हणजे 'मानस'चा निष्कर्ष 'समुपदेशक ठेवले की नैराश्य बरं होतं' इतका सरळ नाही. सरकारी केंद्रात, जिथे नेहमीची सेवा अपुरी आहे, तिथे त्यांनी मोठा फरक पाडला, असा तो आहे. आम्हाला तर हा एक तक्ता संपूर्ण पेपरमध्ये सगळ्यात शिकवणारा वाटतो.

२०१७ मध्ये पुढचं पाऊल. 'हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम', गोव्यातली १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ रुग्ण, पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीवर गुण १५ किंवा जास्त. उपचार एकच, वर्तन-सक्रियता (रुग्णाला आवडीच्या, उपयोगी कामांकडे परत वळवणं), सहा ते आठ सत्रं. तीन महिन्यांनी बेक नैराश्य-मापिकेवर सरासरी १९.९९ विरुद्ध २७.५२, पीएचक्यू-९ दहाच्या खाली आलेले ६४ टक्के विरुद्ध ३९ टक्के. २५ टक्क्यांचा फरक, म्हणजे साधारण चार जणांना उपचार दिला की एक जास्तीचा रुग्ण सुधारतो. त्याच अंकात दारूच्या समस्येवरची जोडचाचणी आहे, पहिले लेखक अभिजित नाडकर्णी : ३७७ पुरुष, 'ऑडिट' या दारूच्या समस्येच्या प्रश्नावलीवर गुण १२ ते १९. सुधारलेले ३६ विरुद्ध २६ टक्के, आणि शेवटचे १४ दिवस अजिबात न घेतलेले ४२ विरुद्ध १८ टक्के.

इथे एक चूक हमखास होते. 'मानस'चा १२ टक्क्यांचा फरक आणि २०१७ चा २५ टक्क्यांचा फरक शेजारी ठेवून 'उपचार दुप्पट प्रभावी झाला' असं लिहिलं जातं. असं म्हणता येत नाही. पहिल्या चाचणीत नैराश्य आणि चिंता दोन्ही होत्या, मोजमाप सहा महिन्यांनी, दुसरीत फक्त मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य, मोजमाप तीन महिन्यांनी, साधनंही वेगळी. म्हणून प्रत्येक पेपर वाचताना एकाच कागदावर पाच गोष्टी टिपा : कोणाला घेतलं आणि कोणत्या साधनाच्या कोणत्या गुणावर, नाणेफेक रुग्णाची की दवाखान्याची, तुलना गटाला काय मिळालं, मुख्य मोजमाप कोणतं आणि किती महिन्यांनी, निकाल विश्वास-अंतरालासह. सहा पेपर, सहा ओळी, पाच रकाने. हा तक्ता हातात असला की सेमिनारचा निम्मा भाग तयार झाला समजा.

महाराष्ट्राची जोडही खरी आहे, तेवढी एका स्लाइडवर घ्या. स्किझोफ्रेनियाच्या समुदाय-आधारित काळजीची २०१४ ची 'लॅन्सेट'मधली चाचणी (पहिले लेखक सुदिप्तो चॅटर्जी) गोवा आणि तमिळनाडूबरोबर साताऱ्यातही झाली. फरक माफक होता. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमधला 'विश्राम' कार्यक्रम २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आला, पहिले लेखक राहुल शिधये : नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचलेले ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ही आधी-नंतरची सर्वेक्षणं आहेत, नाणेफेक केलेली चाचणी नाही. हे तोंडी जरूर सांगा. आणि या पेपरांमध्ये पहिलं नाव दुसऱ्यांचं आहे हेही दाखवा. पटेल यांच्या हाताखाली आणि सोबत काम केलेल्या माणसांनी स्वतःच्या नावावर चाचण्या उभ्या केल्या, हा प्रभावाचा एक भाग आहे आणि एच-इंडेक्स तो वेगळा काढून दाखवत नाही.

आता 'काय बदललं' हे स्वतः मोजायची पद्धत. 'मानस' पेपर गूगल स्कॉलरवर उघडा, 'सायटेड बाय' दाबा. तिथे फक्त पहिले हजार निकालच दिसतात, म्हणून वर्षांनुसार तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यातून ठरावीक अंतराने पेपर उचला. एकूण ३० पुरेत. वरचे-वरचे उचललेत तर सगळे आधीच गाजलेले येतील. प्रत्येक पेपरमध्ये 'मानस'चा उल्लेख कुठे आहे ते शोधून पाच खाती करा : प्रस्तावनेत ओझरता उल्लेख; पद्धत किंवा साधन वापरलं; एकत्रित परीक्षणात आकडे घेतले; तोच उपचार दुसरीकडे करून पाहिला; मतभेद नोंदवला. एका पेपरला सहा मिनिटं धरली तर तीन तासांत होतं. पहिल्या खात्यात सगळ्यात जास्त पेपर निघाले तर दचकू नका. आकडा जसा निघेल तसा मांडा. शिवाय 'सायटेड बाय'च्या पानावर याच पेपरांमध्ये शोधायची सोय असते; तिथे 'खासगी'साठीचा इंग्रजी शब्द टाका आणि खासगी दवाखान्यांचा निकाल किती जणांनी सांगितला ते बघा. ही मोजणी तुमची स्वतःची असेल. सभागृहात कोणाकडेही ती नसेल.

दुसरीकडे करून पाहिल्याचं उदाहरण म्हणून नेपाळ घ्या. चितवन जिल्ह्यात मार्क जॉर्डन्स आणि सहकाऱ्यांनी गोव्यातले हे दोन्ही उपचार तपासले आणि २०१९ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री'त छापले. नैराश्याच्या उपचाराचा फायदा दिसला. दारूच्या उपचाराने नेहमीच्या सेवेत भर पडल्याचं दिसलं नाही. दोन्ही निकाल सांगा.

धोरणाबाबत सावध राहा. २०१४ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरणाचं काम करणाऱ्या गटात पटेल सदस्य होते, आणि शाश्वत विकास व मानसिक आरोग्यावरच्या २०१८ च्या 'लॅन्सेट' आयोगाचं नेतृत्व त्यांनी शेखर सक्सेना यांच्याबरोबर केलं. पण समितीत असणं आणि पेपरमुळे धोरण बदलणं यात अंतर आहे. धोरणाचा मूळ दस्तऐवज उघडा, ज्या वाक्याशी नातं दिसतं ते वाक्य स्लाइडवर ठेवा, आणि नातं दाखवता येत नसेल तर तो दावा काढून टाका.

टीका सांगायचीच. मोठ्या कामावर गंभीर टीका होते, आणि ती सांगितल्याने कोणाचा मान जात नाही. डेरेक समरफिल्ड यांनी २००८ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रश्न उपस्थित केला : पाश्चात्त्य निदानाच्या चौकटी इतर समाजांना लावून काढलेले आकडे शास्त्रीयदृष्ट्या कितपत टिकतात? गरिबी, कर्ज, नवऱ्याची मारहाण यांतून येणाऱ्या दुःखाला आजार म्हणायचं का, हा त्याच्या पोटातला प्रश्न. याचं उत्तर देताना पटेल यांचंच जुनं काम पुढे करा. हरारेची प्रश्नावली स्थानिक शब्दांतून उभी राहिली. गोव्यातल्या मातांवरचा २००२ चा 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री'तला अभ्यास बघा : बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होतं, आणि त्याचा संबंध आर्थिक ओढग्रस्तीशी, नवऱ्याशी असलेल्या नात्याशी आणि मुलगी झाली की मुलगा याच्याशी निघाला. गरिबीवर त्यांनी २००३ मध्ये आर्थर क्लाइनमन यांच्याबरोबर लिहिलं. टीकाकार ज्या गोष्टीकडे बोट दाखवतात ती त्यांच्या पेपरांत आहे; वाद आहे तो उपचाराची सुरुवात कुठून करायची यावर. विभागात दोन्ही बाजूंचे लोक असतील, त्यांना बोलायला पाच मिनिटं राखून ठेवा.

तीन आठवड्यांपैकी पहिला वाचन आणि तक्त्याला द्या, दुसरा ३० पेपरांच्या मोजणीला आणि धोरणाच्या कागदाला, तिसरा स्लाइड आणि तालमीला. अर्ध्या तासाला १४ पेक्षा जास्त स्लाइड नकोत : आकड्यांची एक, हरारे दोन, २००३ ची एक, 'मानस' तीन, २०१७ दोन, महाराष्ट्र एक, तुमची मोजणी दोन, टीका एक, धोरण एक. पुरस्कारांना स्लाइड देऊ नका, बोलण्यात एक वाक्य पुरे.

शेवटी एक प्रश्न नक्की येईल : "आपल्या ओपीडीत हे चालेल का?" तेव्हा देखरेखीबद्दल बोला. गोव्यात समुपदेशकांना शिकवून सोडून दिलं नव्हतं. सत्रांचं ध्वनिमुद्रण व्हायचं, गटात बसून एकमेकांच्या सत्रांना ठरलेल्या मापिकेवर गुण दिले जायचे, वर तज्ज्ञ असायचा. समुपदेशक नेमता येतात. दर आठवड्याला हे काम कोण करणार, तुमच्या विभागात त्यासाठी कोणाचे किती तास मोकळे आहेत, हे आधी विभागात विचारून घ्या आणि तो आकडा बरोबर घेऊन उभ्या राहा.